विषय: यंदा गणपतीला गावी जाता आलं नाही

स्लावहून (इंग्लंड), शनिवार १५ ऑगस्ट २०२०

मंडळी, नमस्कार.

आज आमचं मुंबईचं विमान होतं. करोनामुळे भारताची नेहमीची आंतरराष्ट्रीय उड्डाणं मार्चअखेरीपासून बंद आहेत, म्हणजे जाणं नाही हे कधीच कळलं होतं. तरी तारीख डोक्यात होती आणि सकाळपासून हात कशाला लागेना.

"एक वर्ष नाही गेलात तर काय बिघडलं?" असं शेजारीण मायेनेच म्हणाली. तिला सांगता सांगता जो हिशेब मांडला तो तुम्हालाही सांगते, कारण ज्यांची मुलं इथल्या शाळेत आहेत त्यांना तो लगेच कळेल. सुट्टी जुलैअखेर ते सप्टेंबरचे पहिले दिवस. २०१७ साली चतुर्थी २५ ऑगस्टला होती, ती आम्ही गाठली. २०१८ ला १३ सप्टेंबर, २०१९ ला २ सप्टेंबर, दोन्ही वर्षं हुकली. यंदा २२ ऑगस्ट. पुढच्या वर्षी १० सप्टेंबर. २०२२ ला ३१ ऑगस्ट, म्हणजे गणपती बसला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बॅगा भरायच्या. पंचांगात पुढे पाहत गेले तर नीट सुट्टीत बसणारी तारीख थेट २०२५ ची निघाली, २७ ऑगस्ट. लेक २०१७ ला सहा वर्षांची होती, आज नऊची आहे, तेव्हा चौदाची असेल. आमचं एक वर्ष गेलेलं नाही, तिचं नऊ वर्षांचं असणं गेलं.

आमचं घर कुडाळ तालुक्यात. नागपंचमीच्या सुमारास घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, नेऊन द्यायचा, मूर्ती त्याच पाटावर घडते. तो पाट माझ्या पणजोबांच्या वेळचा आहे, एका कोपऱ्याला कुऱ्हाड लागल्याची खूण आहे. शाळेत पाटांची रांग लागलेली असते, पण आमचा पाट दारातूनच ओळखू येतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सगळी चुलत भावंडं रानात जायची, माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, बांधायला कवंडळाची फळं, शेरवडाची पानं, तेरड्याची फुलं आणायची. घरात आलं की ओल्या पानांचा वास आणि तांदळाच्या पिठीचा वास एकत्र यायचा. हा वास लेकीला कुठून आणून देऊ?

मुंबईच्या काकांनाही ठरवणं सोपं गेलं नाही. चाकरमान्यांनी गावी येऊन १० दिवस वेगळं राहायचं असा नियम आहे. ते गेल्या आठवड्यात गेले, मागच्या पडवीत राहतात, जेवणाचं ताट उंबऱ्यावर ठेवलं जातं. मूर्तीही यंदा दोन फुटांच्या आतली. भजनी मंडळं घरोघरी फिरणार नाहीत असं गावाने ठरवलंय. भजन संपल्यावर काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा, पहाटे दोन वाजता, कंदिलाच्या उजेडात… असो.

तुमच्याकडे काय ठरलं ते कळवा.

——

रेडिंगहून, रविवार १६ ऑगस्ट

ताई,

तुमचं पत्र सौ.ला वाचून दाखवलं. ती मध्येच उठून आत गेली.

आम्ही दोघं मार्चपासून १ ऑगस्टपर्यंत घराबाहेर पडलो नाही, सरकारी पत्रच तसं आलं होतं. त्या चार महिन्यांत मला सगळ्यात जास्त आठवली ती आपल्या इथल्या मराठी मंडळाची उन्हाळी सहल. आपली बस, मागच्या बाकावर भेंड्या, आणि समुद्रावर पोचायच्या आधीच संपलेले पोह्यांचे डबे. नातवाला मी दर वर्षी त्या बसमध्ये खिडकीजवळ बसवतो आणि आपण त्याच्या शेजारी. तेवढे तीन तास तो माझ्याशी फक्त मराठीत बोलतो. एरवी बोलत नाही. यंदा ते तीन तास झाले नाहीत, आणि फोनवर तो "हो आजोबा" याच्यापुढे जात नाही.

मी इथे आलो तेव्हा गावी फोन नव्हता. आईचं पत्र गणपती विसर्जन होऊन गेल्यावर हातात पडायचं, त्यात घडीच्या आत शेंदराचं बोट टेकवलेलं असायचं. तुम्हाला निदान आवाज ऐकू येईल. तो सोडू नका, पहाटे उठावं लागलं तरी.

——

हॅरोहून, सोमवार १७ ऑगस्ट

काका, ताई, मंडळाच्या वतीने थोडं कामाचं. हॉल मिळणार नाही. घरात दोनच कुटुंबांनी एकत्र यायचं असा नियम आहे, तेव्हा दर्शनाला घरोघरी जाणंही यंदा नको. आरती व्हिडिओ कॉलवर करू. एप्रिलमध्ये सगळ्यांनी एकदम गायचा प्रयत्न केला तेव्हा प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोचून गोंधळ झाला होता. म्हणून एका वेळी एकच घर गाईल, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून घरात मोठ्याने म्हणावं. झांज वाजवणाऱ्यांनी सेटिंगमध्ये "ओरिजिनल साउंड" चालू करावा, नाहीतर कॉल झांजेला गोंगाट समजून गाळून टाकतो. काका, रविवारची आरती तुमच्या घरी. नातवाला ताम्हन धरायला सांगा.

——

स्लावहून, रविवार २३ ऑगस्ट

मंडळी,

काल गावी सकाळी दहाला पूजा, म्हणजे इथे साडेपाच. लेकीने आठवडाभर खपून मातीचा गणपती केला होता. सोंड दोनदा गळून पडली, तिसऱ्यांदा आत काडी घालून बसवली. पाट नव्हता, पोळपाटावर बसवला. तिने आपणहून पोळपाटाच्या कडेला चमच्याने एक खाच पाडली. "आपल्या पाटाला आहे तशी," म्हणाली. मी तिला त्या खुणेबद्दल कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. बहुतेक २०१७ ला पाहिलेली.

तिकडे चुलत भावाने फोन माटवीच्या दोरीला बांधला होता. त्यामुळे आम्हाला सगळी डोकी वरून दिसत होती, आणि मध्ये एक कवंडळ सारखं झुलत होतं. पूजा झाल्यावर मुंबईचे काका गाऱ्हाण्याला उभे राहिले. १० दिवस पूर्ण झाले होते, पण तोंडाला पंचा गुंडाळलेला.

"बा गणपती म्हाराजा, ह्यो जो काय रोग इलो हा, तो दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" घर दणाणलं. आम्हीही इथून ओरडलो, पण आमचा आवाज तिकडे पोचेपर्यंत काकांचं पुढचं वाक्य सुरू झालं होतं. ते थांबले. आमचं "व्हय म्हाराजा" फोनमधून बाहेर आलं तसं त्यांनी वर पाहिलं.

"जी पोरां परमुलखात आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

घरातल्यांचं होऊन गेलं. काका हात जोडून तसेच उभे. आमचं पोचलं, मग ते पुढे बोलले. त्यानंतर प्रत्येक वाक्याला ते तेवढं थांबत गेले आणि पडवीतली सगळी माणसंही थांबत गेली. गाऱ्हाणं रोजच्या दुप्पट लांबलं असेल.

रेडिंगचे काका, आज संध्याकाळी साडेसहाला तुमच्या घरची आरती. आम्ही तिघं तयार आहोत.