मदत हवी आहे: औषधाने बरं होतं, पण मालक (तिचा जोडीदार) तपासणीला येत नाही

पुण्यात बुधवार पेठेत पीअर ताईंसोबत (धंद्यातल्याच, इतरींना आरोग्याची माहिती देणाऱ्या बायका) काम करते. जिच्याबद्दल विचारतेय तिची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

तिच्या अंगावरून पिवळट जातं, ओटीपोटात दुखतं. सुरक्षा क्लिनिकमधून (गुप्तरोगांचा सरकारी दवाखाना) करडा किट मिळाला (अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम), गोळ्या तिने तिथेच घेतल्या, बरंही वाटलं. काही आठवड्यांत पुन्हा तेच. गिऱ्हाइकासोबत ती निरोधाशिवाय बसत नाही. दुप्पट पैसे देतो म्हणणाऱ्याला तिने दारातून परत पाठवलेलं मी पाहिलंय.

अडतंय ते मालकापाशी. तिचं मन ज्याच्यावर आहे तो. निरोधाचं नाव काढलं की म्हणतो, "मी काय गिऱ्हाईक आहे का?" आणि ती गप्प बसते. निरोध नसणं हीच तर त्याची वेगळी जागा. ह्याला कुणी अडाणीपणा म्हटलं की मला राग येतो. लग्नाच्या किती बायकांना नवऱ्याकडे हा विषय काढता येतो? त्याला स्वतःला काही त्रास नाही, म्हणून तपासणीलाही येत नाही. गनोरिया, क्लॅमिडिया लक्षणांशिवायही अंगात असतात, हे सांगून झालं.

त्यात तिला मूल हवंय. म्हणजे "कायम निरोध वापर" एवढ्याने भागणार नाही. एका खाजगी दवाखान्यात तिला "आधी धंदा सोड, मग औषध" असं ऐकवलं. तेव्हापासून ती जंतुनाशक घालून आतून धुते. त्याने आतली त्वचा सोलवटते, उलट जंतुसंसर्ग वाढतो, पण ते तिला अजून पटलेलं नाही.

त्याला कसं आणायचं? "तुझ्यामुळे झालं" असा अर्थ निघाला तर तो हात उचलेल, ही भीती तिने बोलून दाखवली आहे. आणि मूल हवं असेल तर आधी कोणत्या तपासण्या करायच्या?

प्रतिसाद:

ताई, मी सरकारी रुग्णालयात गुप्तरोग विभागात समुपदेशन करते. पहिलं म्हणजे, ओटीपोट दुखतंय तर नुसत्या करड्या किटवर थांबू नका. डॉक्टरांकडून आतली तपासणी करून घ्या. गर्भाशय-नळ्यांची सूज असेल तर पिवळा किट देतात, तो 14 दिवस पुरा करायचा. अर्धवट राहिला तर नळ्या बंद होऊन मूल राहणंच कठीण होतं. त्यात डॉक्सीसायक्लिन असतं, ते गरोदरपणात देत नाहीत, म्हणून आधी लघवीची गर्भचाचणी. पाळी चुकून पोट दुखत असेल किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

मालकाशी आजाराचं बोलूच नका, बाळाचं बोला. सिफिलिस आईकडून पोटातल्या बाळाला होतो, गर्भ पडू शकतो, म्हणून मूल हवं असलेल्या प्रत्येक जोडप्याने रक्त तपासावं, असं सांगा. हे खरंच आहे आणि दोष कुणाकडेच जात नाही. सिफिलिस, एचआयव्ही, कावीळ बी, तिन्ही दोघांच्या तपासा. कावीळ बी नसेल तर लस घ्यावी. जोडीदाराचं औषध सुरक्षा क्लिनिकमध्ये मोफत मिळतं. दोघांनी एकाच वेळी घ्यायचं, औषध संपून 7 दिवस होईपर्यंत संबंध नको, तेवढ्यापुरता तरी तो ऐकतो का बघा.

तिला नको असेल तर तिच्या पाठीमागे त्याला गाठू नका. मार खाईल ती, आपण नाही. आधी तिला एकटीला घेऊन या. फोनवर विचारायचं असेल तर 1097 ही एड्स हेल्पलाइन मोफत आहे.