परदेशातली लांबची सायकलवारी: तयारी आणि बांधाबांध – तुमचे अनुभव सांगा

पुढच्या मे महिन्यात मी आणि माझे यजमान युरोपातल्या डॅन्यूब नदीच्या काठाने, जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियामार्गे हंगेरीतल्या बुडापेस्टपर्यंत सायकलने जाणार आहोत. दोघंही पन्नाशीपुढचे, साताऱ्याचे. कास, ठोसेघर, महाबळेश्वर नेहमीचं आहे, कोकणात आठ-आठ दिवसांच्या दोन वाऱ्याही झाल्या. पण सायकल विमानात चढवायची, व्हिसासाठी रोजचा मुक्काम दाखवायचा आणि तीन आठवड्यांचं सामान दोन पिशव्यांत बसवायचं, हे सगळं आम्हाला नवीन आहे.

मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ ला सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले होते. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा सुमारे ७१,००० किलोमीटर करून मार्च १९२८ मध्ये परत आले. त्यांच्याबद्दल वाचल्यापासून हे माझ्या मनात घर करून आहे.

सामानाची यादी कुठेही मिळते, ती नको. काय नेलं आणि वाया गेलं, काय राहिलं आणि नडलं, कोणता निर्णय आधीच घ्यायला हवा होता, ते लिहा. उत्तराच्या वर आपलं गाव टाका.

कोथरूड, पुणे

ताई, तुमच्या रस्त्याचा पासाऊ ते व्हिएन्ना हा टप्पा आम्ही २०१८ च्या जूनमध्ये केला. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, बहुतेक डांबरी आणि जवळपास सपाट. अशा रस्त्यासाठी स्वतःची सायकल नेण्याची यातायात मला गरजेची वाटली नाही. पासाऊत भाड्याने घेतल्या, व्हिएन्नात परत केल्या. फक्त आपापली सीट घरून नेली होती. सरावाची सीट असली की निम्मं दुखणं टळतं.

भाड्याने घेताना एक विचारून घ्या. तिकडे काही सायकलींना पेडल उलटं फिरवलं की मागचा ब्रेक लागतो. आपल्याला निघण्यापूर्वी पेडल मागे फिरवून जुळवायची सवय असते. पहिल्याच दिवशी माझी बायको तशीच पडली, कोपर खरचटलं. शिवाय पुढचा ब्रेक आपल्याकडे बहुधा उजव्या हाताला असतो, तिकडे डाव्या. तासभर रिकाम्या जागेत चालवून बघा आणि मगच पिशव्या लावा. गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून आरसा हँडलच्या डाव्या बाजूला हवा. आरसा घरूनच न्या.

आता व्हिसा. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी करता येत नाही आणि शेवटचे १५ दिवस उरल्यावरही करता येत नाही. उन्हाळ्यातल्या तारखा भराभर भरतात. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज करायचा. तुमच्या बाबतीत तो ऑस्ट्रिया असेल, पण बुडापेस्टला चार-पाच दिवस रेंगाळायचं ठरवलंत तर हंगेरीचं पारडं जड होईल. तेव्हा आधी रात्री मोजा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मुक्कामांची बुकिंग फुकट रद्द होणारीच घ्या.

आणि मोकळे दिवस ठेवा, हे मी कळकळीने सांगतो. आम्ही रोज ५५ किलोमीटर धरून सलग आखणी केली होती, मध्ये एकही दिवस रिकामा नाही. लिंट्सच्या आधी दिवसभर पाऊस कोसळला. बुकिंग बुडू नये म्हणून भिजत सायकली हाणल्या आणि पुढचे तीन दिवस मला ताप. त्या तीन दिवसांतच वाखाऊची दरी येऊन गेली. द्राक्षमळे, जर्दाळूच्या बागा, नदीकाठची गावं, सगळं मी मान खाली घालून पार केलं. याची हळहळ अजून जात नाही. दर चार दिवसांमागे एक दिवस कोरा सोडा.

जाता जाता: नदी ओलांडायला छोट्या होड्या आहेत, त्यांच्यासाठी सुटे युरो खिशात असू द्यात. हंगेरीत युरो नाही, फोरिंट चालतो.

डोंबिवली

आम्ही चार मित्र स्वतःच्या सायकली घेऊन व्हिएतनामला गेलो होतो, हनोई ते होई आन. त्यामुळे खोक्याबद्दल लिहितो.

सायकलच्या दुकानात नव्या सायकली ज्या खोक्यांत येतात तेच उत्तम. दुकानदाराला आठवडाभर आधी सांगून ठेवलं की देतात. पुढचं चाक काढायचं, हँडल फिरवून फ्रेमला समांतर बांधायचं, सीट उतरवायची, टायरमधली हवा कमी करायची. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, हे माहीत नसलं की माणूस ते सोडवण्याऐवजी आणखी आवळत बसतो. चाक काढल्यावर पुढच्या फोर्कच्या दोन टोकांत प्लास्टिकचा अडसर बसवा. तो नव्या सायकलीबरोबर येतो, त्याच दुकानात मागा.

माझ्याकडून राहिलं ते मागचा डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) सोडवून फ्रेमच्या आत बांधायचं. हनोईत खोका उघडला तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, आत वळलेला. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा, तिथे कुठून मिळणार? एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी तो हाताने, फार हळुवारपणे, बराचसा सरळ करून दिला आणि पैसे घ्यायला तयार होईनात. तरी सगळ्यात हलक्या गिअरवर साखळी स्पोकमध्ये जायची भीती राहिलीच. हुए आणि दा नांगच्या मध्ये हाई व्हानचा घाट आहे, समुद्रसपाटीपासून जवळपास ५०० मीटर चढतो. खालच्या बोगद्यातून सायकल चालवत जाऊ देत नाहीत, घाटानेच जावं लागतं. त्या दमट उकाड्यात निम्मा घाट मी सायकल ढकलत चढलो. मुठीत मावणारा एक जादा हँगर बरोबर असता तर हे टळलं असतं. आता तो माझ्या पिशवीतून कधी बाहेर निघत नाही.

पॉवर बँक फक्त केबिनच्या बॅगेत, तीही १०० वॉट-अवरच्या आतली. ऍलन की, पाने, सुरी चेक-इनमध्ये. आणि विमानतळावर जाणाऱ्या गाडीत खोका मावतो का हे आदल्या दिवशी टेप लावून मोजा. आमचे दोन खोके पहिल्या गाडीत बसले नाहीत, पहाटे तीनला दुसरी शोधावी लागली.

नाशिक

पामीर हायवे, जुलै २०१९, किरगिझस्तानातल्या ओशपासून ताजिकिस्तानातल्या दुशान्बेपर्यंत. दोघे होतो.

मुंबईहून निघताना माझ्या सायकलवर ३१ किलो सामान होतं. ओशमध्ये पहिल्या संध्याकाळी ते सगळं जमिनीवर पसरलं आणि एकेक वस्तू हातात घेऊन स्वतःला विचारलं, हिच्यावाचून अडेल का? आठ किलो बाजूला निघालं. ट्रायपॉड, जीन्स, दोन पुस्तकं, स्टीलचा डबा, तीन टी-शर्ट. सगळं गेस्ट हाउसमध्ये देऊन टाकलं. हे काम मी नाशिकलाच करायला हवं होतं. उचलून नेण्याचं भाडं भरलं आणि वर वस्तूही गेल्या.

ज्याच्यात काटकसर करू नये ते सांगतो. झोपायची पिशवी: काराकुलला ३,९०० मीटरवर जुलैतही रात्री पाणी गोठलं. टायर: जाड, दोन इंची. रस्ता पत्र्यासारखा नालीदार आहे, त्या थरथराटाने कॅरिअरचे स्क्रू ढिले होतात. रोज संध्याकाळी चहाआधी सगळे आवळायचे, हा आमचा नेम होता, तरी एक पडलाच. जादा स्क्रू आणि केबल टाय होते म्हणून निभावलं. पाणी: अक-बैतल खिंडीच्या (४,६५५ मीटर) आसपास वस्ती फार विरळ, माणशी सहा लिटर नेण्याची सोय आणि गाळणी हवीच.

गॅसचा डबा विमानात कुठल्याच सामानात चालत नाही. तिथल्या पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह घ्या, आणि तो वापरलेला असेल तर इतका स्वच्छ करा की पेट्रोलचा वास राहता कामा नये.

मी शाकाहारी. वरच्या भागात पाव, चहा, नूडल्स एवढंच मिळायचं. आईने दिलेलं दोन किलो सातूचं पीठ आणि गूळ यांच्यावर मी तो रस्ता काढला. थंड पाण्यात कालवलं की झालं, इंधन लागत नाही. मेतकूटही होतं, पण भात शिजवायला त्या उंचीवर वेळ आणि पेट्रोल दोन्ही फार जातं. ते तसंच परत आलं.

ताजिकिस्तानातल्या गोर्नो-बदख्शान भागासाठी व्हिसाबरोबर वेगळा परवाना लागायचा. पासपोर्ट, व्हिसा, परवाना यांच्या दहा-दहा झेरॉक्स नेल्या होत्या. नाक्यावर एक प्रत दिली की दोन मिनिटांत मोकळं.

नागपूर

मी एकटी गेले होते, जपानला, शिमानामी काइदो हा सायकलचा रस्ता आणि पुढे शिकोकूत दहा दिवस. ओनोमिची ते इमाबारी सुमारे ७० किलोमीटर, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पुलांनी जायचं, रस्त्यावर निळी रेघ आखलेली. एकटीने पहिल्यांदा जायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

सामानाबद्दल बायकांसाठी लिहिते, कारण हे कुणी सांगत नाही. पॅड लावलेल्या सायकल शॉर्ट्स दोन पुरतात, रोज रात्री एक धुवायची. त्यांच्या आत दुसरं काही घालायचं नाही, नाहीतर शिवण घासते. पाळीच्या तारखा मार्ग आखतानाच कॅलेंडरवर मांडल्या आणि त्या दोन दिवसांत अंतर ३० किलोमीटरवर आणलं. कप वापरत असाल तर सवय आधी तीन-चार महिने घरी करा, प्रवासात नवा प्रयोग नको. अंगावर घालायचे कपडे दोन जोड, मुक्कामाला एक सुती कुर्ता. तो कुर्ता उशीचा अभ्रा, पडदा, टॉवेल सगळं झाला.

औषधं मात्र नीट तपासा. आपल्याकडच्या काही सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, काही खोकल्याच्या औषधांत कोडीन. जपानमध्ये ठरावीक प्रमाणापुढे दोन्हींना मनाई आहे. माझ्या पिशवीत अशी एक पट्टी होती, निघायच्या आदल्या रात्री बहिणीने पकडली. डॉक्टरांचं इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन बरोबर ठेवा.

जपानमध्ये रेल्वेत सायकल न्यायची तर चाक काढून ती पूर्ण झाकणाऱ्या पिशवीत घालावी लागते. फलाटावर पहिल्यांदा मला पाऊण तास लागला. घरी अंगणात पाच वेळा सराव केला असता तर एक गाडी चुकली नसती.

आई रोज रात्री लोकेशन पाहून मगच झोपायची. दुसरं सिमकार्ड त्याच्यासाठीच घेतलं होतं.

ऑकलंड

इथे येणाऱ्यांसाठी एवढंच. न्यूझीलंडला वापरलेली सायकल, बूट, तंबू सगळं फॉर्ममध्ये जाहीर करावं लागतं. टायरच्या खाचांत मातीचा कण नको. माझ्या मावसभावाने कोल्हापुरात दात घासायच्या ब्रशने टायर घासून आणले, तपासणी पाच मिनिटांत झाली. खाण्याच्या वस्तूही जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात, लपवलं तर ४०० डॉलर दंड. ताई, तुम्ही युरोपात चाललात तर तूप, पेढे नेऊ नका, दुधामांसाचे पदार्थ बाहेरून आणायला तिथे बंदी आहे. खाकरा, भडंग, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या.

चिपळूण

माझं वय ६७. मी फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठाने गेलो होतो. आमच्या हौशी मंडळींची एक चूक नेहमी दिसते. सराव रिकाम्या सायकलवर करतात आणि प्रवास भरलेल्या. पिशव्या लावल्या की सायकल वळणावर वेगळी वागते, ब्रेक उशिरा लागतो, उभं राहून चढ मारता येत नाही. निघण्याच्या महिनाभर आधी मी सगळं सामान लादून गुहागर, दाभोळची फेरीबोट, दापोली, हर्णै असा तीन दिवस फिरून आलो. परतल्यावर उजव्या गुडघ्याने सांगितलं की सीट खाली आहे. ते घरी कळलं हे फार बरं झालं.

स्वतःची महाग सायकल नेणाऱ्यांनी जाताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावं. त्यांना सायकल दाखवावी लागते, म्हणून खोका चेक-इन करण्याआधी. फ्रेमचा नंबर लिहून आणि बिल सोबत न्या, म्हणजे परत येताना ती तिथे विकत घेतली नाही हे दाखवता येतं.

सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. यजमानांनी नाशिकच्या दादांचं वाचून काल रात्री दिवाणखान्यात सामान पसरलं, साडेचार किलो कमी झालं. व्हिसासाठी रात्री मोजल्या, ऑस्ट्रियाच्याच जास्त आहेत, आणि दोन कोरे दिवस घातले, त्यातला एक वाखाऊत. आमचा रस्ता बुडापेस्टपर्यंत असल्यामुळे सायकली आपल्याच न्यायच्या असं ठरतंय. एक प्रश्न उरला. पासाऊत सायकल बाहेर काढल्यावर खोक्याचं काय करायचं? परतीचं विमान बुडापेस्टहून आहे.

डोंबिवली

खोका पासाऊतच सोडा, हॉटेलवाल्यांना विचारून त्यांच्या रद्दीत द्या. बुडापेस्टमधल्या दोन-तीन सायकल दुकानांना तीन आठवडे आधी ईमेल करा, तारीख कळवा, दोन खोके राखून ठेवायला सांगा. आम्ही दा नांगला तसंच केलं होतं. चिकटपट्टी मात्र घरून न्या, रुंद, खाकी, दोन रिळं. आणि तो प्लास्टिकचा अडसर फेकू नका, परतीला पुन्हा लागतो.