मदत हवी आहे: १९७६चं 'रॉयल फ्लश' पिनबॉल, स्कोअर मोटर थांबतच नाही

नमस्कार मंडळी,

मी शिकागोजवळ राहतो. शेजारच्या आजोबांनी घर विकताना तळघरातलं पिनबॉल मशीन मला देऊन टाकलं. गॉटलिब कंपनीचं, चार खेळाडूंचं. रचना एड क्रिन्स्कीची, चित्रं गॉर्डन मॉरिसनची. पत्त्यांची टार्गेटं तिरक्या रांगेत उभी असतात, चेंडू लागला की पत्ता धाडकन खाली! आत एकही चिप नाही. रिले (विजेच्या चुंबकावर चालणारे स्विच), कॉइल (तारेची वेटोळी) आणि स्विचच्या पातळ पट्ट्या, एवढ्यावर सगळा कारभार. मी अक्षरशः प्रेमात पडलोय.

अडचण अशी: खेळ सुरू करायचं बटण दाबलं की गुणांची चाकं खटखट करत शून्यावर येतात. पण खालची स्कोअर मोटर (फिरत फिरत स्विच ठरल्या क्रमाने दाबणारी) घरघरतच राहते आणि चेंडू काही बाहेर येत नाही.

फ्यूज ठीक आहेत, दिवे लागतात. सगळे कनेक्टर काढून घट्ट बसवले. सोबत सर्किटचा मूळ कागदी नकाशा होता, घड्यांवर फाटलेला. त्यावरून एवढं कळलं की प्रत्येक चाकामागे शून्याचा स्विच असतो आणि एक जरी चाक शून्यावर नाही असं वाटलं तरी रीसेट संपत नाही.

काल रात्री मागचं कपाट उघडून बघत बसलो. तिसऱ्या खेळाडूचं हजाराचं चाक दिसायला शून्यावर, पण केसभर अलीकडे थांबलेलं. बोटाने हलकेच ढकललं, 'टक' झालं, मोटर गप्प! चाकाच्या प्लंजरवर (कॉइल आत खेचते त्या दांड्यावर) डिंकासारखं तपकिरी ग्रीस आहे, स्विचची टोकं काळी पडलीत.

आता प्लंजरला तेल द्यायचं का? आणि टोकांना पॉलिश पेपर मारला तर चालेल? टोकं झिजतील अशी भीती वाटते. हात लावण्याआधी विचारतोय.

प्रतिसाद १:
तेल अजिबात नको दादा, कुणीतरी ते दिलं म्हणूनच हे झालंय. आधी प्लग काढा. प्लंजर आणि कॉइलची नळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडीच बसवा. पॉलिश पेपरही नको. टोकांना बारीक फ्लेक्सस्टोन कानस दोन-तीनदा फिरवा, मग कोरा जाड कागद मध्ये धरून ओढून घ्या. पट्ट्या उगाच वाकवू नका.

धागाकर्ता:
मनापासून आभार! नळीतून काळपट चिखल निघाला. सलग दहा वेळा सुरू करून पाहिलं, दहाही वेळा मोटर थांबली, चेंडू आला. आजोबांना फोन लावून पहिल्या खेळाची घंटा ऐकवली.