लोणार आणि चंद्र-मंगळावरची विवरं: तुलना नेमकी कशाची?

कातळवाट: चंद्र-मंगळाच्या अभ्यासासाठी लोणारच्या उल्काविवराचं नाव हमखास निघतं. अ‍ॅरिझोनातलं विवर तर जास्त नीट टिकलंय. मग लोणारच का? आणि खडकाला आघाताचा दाब बसलाय हे ओळखायचं कसं?

भिंग: अ‍ॅरिझोनाचा आघात वालुकाश्म-चुनखडीत झाला. तिथे आघाताची खूण म्हणून क्वार्ट्झ या खनिजाच्या कणांतल्या समांतर रेघा शोधतात. दख्खनच्या बसाल्टमध्ये (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात) ती खूण मिळणार नाही, कारण मूळ खडकात क्वार्ट्झ नसल्यातच जमा. चंद्रावरचे काळे डाग आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बसाल्टचाच, म्हणून लोणार मोलाचं.

इथे बघायचं ते प्लॅजिओक्लेज, बसाल्टमधलं एक मुख्य खनिज. दाब साधारण २५-३० गिगापास्कलच्या वर गेला की ते न वितळताच काचेसारखं होतं. तेच मॅस्केलिनाइट. खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली आडव्या-उभ्या ध्रुवकांमध्ये (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्यांमध्ये) ठेवून फिरवा. धड प्लॅजिओक्लेज पट्ट्यापट्ट्यांनी उजळतं-मावळतं, मॅस्केलिनाइट कुठल्याही कोनात काळंच राहतं. पण काळं दिसलं म्हणून लगेच निकाल देऊ नका! ज्वालामुखीची काच, पोकळीत भरलेलं अ‍ॅनाल्साइम हे खनिज, छेदातलं भोक, सगळंच काळं दिसतं. वरचा ध्रुवक काढा. स्फटिकाचा लांबट, पट्टीसारखा मूळ आकार शाबूत असेल तरच पुढे जा.

मॅस्केलिनाइट पहिल्यांदा वर्णिलं गेलं १८७२ मध्ये, तेही बिहारात शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या उल्केत. ती उल्का मंगळावरची, हे पुढे शंभरेक वर्षांनी उमगलं.

उतार: आकाराची तुलना करताना खोली जपून घ्या. लोणारचा व्यास सुमारे १.८ किमी, काठापासून खोली साधारण १५० मीटर, म्हणजे खोली आणि व्यासाचं प्रमाण १:१२. चंद्रावरच्या ताज्या वाडग्यासारख्या विवरात हे प्रमाण १:५ च्या आसपास असतं. फरक गुरुत्वाकर्षणाचा नव्हे, गाळाचा: तळ्याखाली सुमारे १०० मीटर गाळ साचलाय. तो धरला की १:७ येतं, शिवाय काठही झिजलाय. गुरुत्वाकर्षण दिसतं ते मोठ्या विवरांत. पृथ्वीवर २-४ किमीच्या पुढे वाडगा मोडून मध्ये उंचवटा येतो, चंद्रावर वाडगा १५-२० किमीपर्यंत टिकतो.

कातळवाट: प्रत्यक्ष गेल्यावर डोळ्यांना काय दिसेल?

भिंग: काठावरचे लाव्हाचे थर. दख्खनमध्ये ते जवळजवळ आडवे असतात, इथे बाहेरच्या बाजूला कललेत, काही जागी उलटेही झालेत. दोन थरांमधली तांबडी माती मात्र आघाताने भाजलेली समजू नका, ती दख्खनभर सापडते. नमुना उचलू नका, परिसर अभयारण्य आहे. होकायंत्र आणि क्लिनोमीटरने थरांचा कल मोजला तरी खूप हाती लागतं.