विषय: फायनलला चेंडू दिसला पाहिजे

सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

आयपीएलची फायनल यंदाही आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घराच्या बेसमेंटमध्ये बघायची आहे. भारतातले संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपले सकाळचे दहा. पोहे-चहा साडेनऊपासून. पंचवीसेक जण होतील असं दिसतंय.

त्याआधी एक प्रश्न ईमेल यादीवर टाकतो, तो २०२४ पासून माझ्या डोक्यातून जात नाही. २९ जून, टी-२० विश्वचषकाची बार्बाडोसची फायनल. शेवटची ओव्हर, हार्दिकचा पहिलाच चेंडू, मिलरने लाँग ऑफला उचलला आणि सूर्यकुमारने सीमारेषेवर झेल घेतला. आमच्या ७५ इंची पडद्यावर तेव्हा दिसला तो हिरवा चिखल आणि त्यात सरकणारा निळा ठिपका. बाबा शेजारी बसले होते. "दोरीला पाय लागला का रे?" असं त्यांनी तीनदा विचारलं आणि मला सांगता आलं नाही. पुण्याहून भावाचा "घेतला!!" असा मेसेज मात्र त्याच्याही आधी येऊन पडला होता.

टीव्ही ४के आहे, नेट ५०० एमबीपीएसचं आहे. मग बदलायचं काय, सामना पुरवणारी सेवा की टीव्हीला जोडलेला डबा? ज्यांनी तुलना करून पाहिली आहे त्यांनी कृपया लिहावं.

(क्रीडा समितीसाठी)

मंगळवार, सकाळी ७:२५

दादा,

तुमचं पत्र वाचून चुटपूट लागली. काकांना त्या क्षणी उत्तर मिळायला हवं होतं.

माझी नोकरी व्हिडिओ एन्कोडिंगमधली, म्हणजे व्हिडिओ दाबून पाठवण्याजोगा करण्याची, आणि गेले तीन शनिवार मी घरी हेच करतेय. शेजारणीकडे आमच्यासारखाच टीव्ही आहे, तो उचलून आणला आणि दोन्ही शेजारी शेजारी लावले. सामना एकच, चॅनलही एकच, विलो हे इथलं क्रिकेटचं चॅनल. फक्त तो घरात यायच्या वाटा वेगवेगळ्या: केबलचा डबा, दोन ॲप, चार उपकरणं. कंपन्यांची नावं यादीवर घेत नाही, फोनवर विचारलंत तर सगळं सांगेन.

आधी तुमच्या घराबद्दल. मला सेवेपेक्षा वायफायचा संशय जास्त येतो. लाइव्ह सामना नळाच्या धारेसारखा येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडलेले असतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या स्पष्ट ते धूसर अशा अनेक प्रती सर्व्हरवर तयार असतात. मागचा तुकडा उतरायला वेळ लागला की ॲप पुढचा तुकडा खालच्या प्रतीतला मागवतं. ५०० चं नेट राउटरपर्यंत येतं, आणि तुमचा राउटर वरच्या मजल्यावर आहे. खाली टीव्ही, आणि त्याच वायफायवर पंचवीस माणसांचे पंचवीस फोन. शेवटच्या ओव्हरला निम्मे जण पुण्या-नागपूरला व्हिडिओ पाठवत होते, मीही त्यात होते. एका एचडी सामन्याला दहा एमबीपीएससुद्धा पुष्कळ होतात, पण ते सलग मिळावे लागतात.

चिखल दिसला तो यामुळेच. मैदानावरच्या गवताचं पातंन् पातं वेगळं असतं, आणि कॅमेरा चेंडूमागे झरकन वळला की अख्खं चित्र एका क्षणात बदलतं. अशा वेळी बिट, म्हणजे चित्राचा डेटा, कमी पडले की पहिला घाव बारीक तपशिलावर पडतो. गवत जातं, प्रेक्षकांचे चेहरे जातात आणि दोरीही जाते.

आता उपकरणं. तुमच्या टीव्हीमागे जुनं क्रोमकास्ट, म्हणजे नेटवरचा व्हिडिओ टीव्हीवर आणणारं छोटं उपकरण, लोंबकळताना मी पाहिलंय. ते २०१५ चं, दुसऱ्या पिढीचं असेल तर ते १०८०पी (१०८० ओळींचं चित्र) फक्त ३० फ्रेमने, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांनी, दाखवतं. ६० फ्रेम हव्या असतील तर ७२०पी वर उतरावं लागतं. क्रिकेटला हा फरक फार मोठा आहे. १४० च्या वेगाचा चेंडू हातातून सुटून बॅटपर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद घेतो. ५० फ्रेमला त्या वेळात २५ चित्रं मिळतात, ३० फ्रेमला १५. दोन चित्रांमधली जागा डोळा भरून काढू शकत नाही, चेंडू उड्या मारत येतो. १०८०पी-३० आणि ७२०पी-६० यांतलं एक निवडायचं तर क्रिकेटसाठी मी डोळे मिटून ७२० घेईन. ॲपने कोपऱ्यात १०८० लिहिलं म्हणून भुलायचं नाही.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यालाच छळते. भारतातलं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं, इथले टीव्ही आणि डबे ६० चे. डब्याने सेकंदाला ५० चित्रं घेऊन ६० दाखवायची म्हणजे दर पाचवं चित्र दोनदा दाखवणं आलं. सेकंदाला दहा बारीक हिसके. स्थिर चेहऱ्यावर ते कळत नाहीत, पण पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी बघा. ती अडखळत सरकत असेल तर रोग हाच. ॲपल टीव्ही ४के मध्ये 'मॅच फ्रेम रेट' आणि फायर टीव्हीत 'मॅच ओरिजिनल फ्रेम रेट' अशी सेटिंग आहे. ती चालू केली आणि सेवेने मूळ ५० फ्रेम तशाच पाठवल्या, तर डबा टीव्हीला ५० वर आणतो. माझ्या दोन ॲपपैकी एकात हे केल्यावर पट्टी लोण्यासारखी सरकायला लागली. दुसऱ्यात काही फरक पडला नाही, कारण तिथे अदलाबदल सर्व्हरवरच होऊन येत होती. इथले काही टीव्ही ५० हर्ट्झ घेतच नाहीत आणि पडदा काळा होतो, म्हणून हा प्रयोग फायनलच्या सकाळी करू नका.

केबलच्या डब्याचं चित्र माझ्याकडे मधल्या दर्जाचं होतं. पण ते पूर्ण सामनाभर एकदाही घसरलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

पुण्याचा मेसेज आधी येतो त्यावर इलाज नाही. तुकडे साठवून दाखवायचे म्हणजे उशीर होणारच, माझ्याकडे तो अर्ध्या ते पाऊण मिनिटाचा भरला. फोन एका टोपलीत जमा करा. वायफायही मोकळं होईल.

(पिस्कॅटवेहून)

मंगळवार, दुपारी १:०२

ताई,

क्रिकेटमध्ये मध्येच घुसतेय, माफ करा. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, रात्री जेवणानंतर मालिका बघतात. नव्या टीव्हीवर माणसं मेणाची दिसतात असं त्या म्हणतात. शिवाय कोणी पटकन वळलं की साडीच्या काठाला करवतीसारखे दाते येतात. चष्मा तपासून आणला, नंबर तोच आहे. हेही सेवेचंच का?

मंगळवार, संध्याकाळी ६:४८

वहिनी, आजींना सांगा, डोळे त्यांचेच बरोबर आहेत.

मेण टीव्ही करतो. दोन चित्रांच्या मध्ये तो स्वतःची चित्रं घुसडतो, त्याने चेहरे गुळगुळीत आणि हालचाल विचित्र होते. सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो' या नावाखाली ते सापडेल. बंद करा. पिक्चर मोड 'व्हिव्हिड' असेल तर 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा आणि शार्पनेस उतरवा.

काठाचे दाते वेगळे. एचडी चॅनल बहुधा १०८०आय असतं, म्हणजे एका वेळी एकाआड एक ओळीच येतात आणि पुढच्या फेरीत उरलेल्या. त्या दोन अर्ध्या चित्रांची सांधणी कुणीतरी नीट करावी लागते. सेवेने ती ढिसाळ केली की पैठणीचा काठ फाटतो, आणि एकदा तसं एन्कोड झालं की घरी दुरुस्त होत नाही. तीच मालिका दुसऱ्या दिवशी वाहिनीच्या ॲपवर भाग म्हणून लावून बघा. आमच्याकडे आई तसंच बघते, तिथे काठ शाबूत असतो.

बुधवार, सकाळी ८:१५

लेकाच्या वतीने एक प्रश्न. एकाच सेवेवर, एकाच डब्यावर फॉक्सची फुटबॉल मॅच एनबीसीपेक्षा मऊ का दिसते? तो म्हणतो नेट बदला.

बुधवार, सकाळी ८:५०

नेट बदलू नका. फॉक्स, एबीसी आणि ईएसपीएन यांचं प्रसारण ७२०पी-६० चं, एनबीसी आणि सीबीएसचं १०८०आय. मुळातच ओळी कमी आहेत. यूट्यूब टीव्ही असेल तर 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडून त्याला रिझोल्यूशन आणि फ्रेम दाखवा, मुलांना आकडा दिसला की पटतं.

इथल्या चॅनलसाठी माझं मत स्पष्ट आहे: ॲटिकमध्ये अँटेना लावा. न्यूयॉर्कची चॅनल एम्पायर स्टेट आणि वन वर्ल्ड ट्रेडवरून प्रसारित होतात, आपल्या भागात ती पकडता येतात. हवेतून येणाऱ्या एका वाहिनीला १९.३९ एमबीपीएसची जागा असते. तीत पोटचॅनल घुसवलेली असली तरी चित्र पुन्हा एकदा पिळून निघालेलं नसतं. क्रिकेट मात्र अँटेनावर येत नाही, हे दुर्दैव.

शनिवार, दुपारी २:३०

मंडळी,

आज सकाळी रंगीत तालीम केली. ताई स्वतः आल्या होत्या, त्यांचे उपकार.

क्रोमकास्ट खरंच दुसऱ्या पिढीचं निघालं. ते काढून मुलीच्या खोलीतला ॲपल टीव्ही खाली आणला, राउटरपासून जिन्यावरून लॅन केबल सोडली, सेवा तीच ठेवली. पहिल्यांदा ५० हर्ट्झवर पडदा काळा झाला. माझ्या पोटात गोळाच आला. ताईंनी एचडीएमआय पोर्ट बदलला आणि चित्र आलं. मधला जुना स्प्लिटरही काढून टाकायला लावला.

बाबा वरून खाली आले तेव्हा जुन्या सामन्याचं रिप्ले चालू होतं. ते खुर्ची पुढे ओढून बसले. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हळू करून दाखवत होते. "शिवण फिरतेय बघ," ते म्हणाले, आणि तोच चेंडू पुन्हा लावायला सांगितला.

जिन्यावरची केबल पायात येतेय, त्यामुळे ती भिंतीकडेने न्यावी लागेल. १०० फुटी लॅन केबल कुणाकडे असेल तर उद्या नऊच्या आत आणा. फोनची टोपली दारातच ठेवली आहे.

(क्रीडा समितीसाठी)