टांझानियात बालगृहात नवीन आहे, मुलांच्या लळ्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. टांझानियात अरुशाजवळच्या एका बालगृहात मी सहा महिन्यांसाठी स्वयंसेविका म्हणून आले आहे. तीन आठवडे झाले. भाषा फार परकी वाटत नाही: दुकान म्हणजे ‘दुका’, औषध म्हणजे ‘दावा’, हिशेब म्हणजे ‘हेसाबु’. मुलं मला ‘दादा’ म्हणतात, स्वाहिलीत दादा म्हणजे ताई! घड्याळाची सवय अजून व्हायची आहे. इथे तास दिवस उजाडल्यापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे ‘एक’. ‘दोन वाजता ये’ म्हणाले म्हणून मी दुपारी गेले, तर त्यांना सकाळचे आठ म्हणायचं होतं.

हे होईल अंगवळणी. खरा प्रश्न वेगळाच आहे. पाच वर्षांची एक मुलगी रोज रात्री माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून झोपते. ती गाढ झोपली की मी एकेक बोट हळूच सोडवते. परवा तिने विचारलं, ‘उताओन्दोका लिनी?’ म्हणजे, तू कधी जाणार? माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्याआधी किती ताया अशा येऊन गेल्या असतील!

तुमच्यापैकी कोणी अनाथाश्रमात किंवा बालगृहात काम केलंय का? निजवायचं काम इथल्या कायमच्या मावशींकडेच राहू द्यावं का? जाण्याची तारीख मुलीला आत्ताच सांगावी की शेवटच्या महिन्यात? आणि माया कमी न करता थोडं अंतर कसं ठेवता? अनुभवाचं सांगा, प्लीज.