गॅब्रो की डायोराइट? नमुना ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एक भरड कणांचा अग्निज खडक आहे आणि तो गॅब्रो की डायोराइट, यावर दोन आठवडे अडकून पडलो आहे. दोन्ही जमिनीखाली सावकाश थंड झालेले, त्यामुळे कणांच्या आकारावरून काहीच ठरत नाही. सिलिका गॅब्रोत साधारण ४५ ते ५२ टक्के, डायोराइटमध्ये त्याहून जास्त, हे माहीत आहे. पण रासायनिक तपासणीची सोय नाही.

म्हणून काळ्या खनिजावर भिस्त आहे. पायरोक्सीन (गॅब्रोतलं नेहमीचं) असेल तर पाटनाच्या, म्हणजे खनिज सपाट फुटण्याच्या, दोन दिशा जवळजवळ काटकोनात, हॉर्नब्लेंड (डायोराइटमधलं नेहमीचं) असेल तर सुमारे ५६ आणि १२४ अंशांत. दहापट भिंगातून पाहिलं, तर काही कण आखूड, जाडसर दिसतात आणि काही लांबट, चकचकीत. म्हणजे दोन्ही आहेत की काय? पायरोक्सीनच्या कडेने नंतर हॉर्नब्लेंड तयार होतं, असं वाचलंय. इथे तसंच झालं असावं, असा माझा अंदाज.

ऑलिव्हिन (गॅब्रोत कधी कधी सापडणारं हिरवट खनिज) दिसत नाही. अशा वेळी पातळ काप (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी खडक घासून केलेली पातळ चकती) न करता, नुसत्या भिंगाने निर्णय कसा घ्यावा? प्लेजिओक्लेज या दोन्ही खडकांतल्या फेल्डस्पार गटातल्या खनिजाच्या रंगावर कितपत विसंबावं? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगा.